बाबांसाठी मोठी सेडान घेतोय: मागच्या सीटचा आराम आणि स्क्रीनचा भपका, तपासायचं कसं?

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा रबाळ्याला छोटा कारखाना आहे. बाबा चौऱ्याहत्तरचे झाले तरी रोज जातात, त्यांना थांबवायची कोणाची टाप नाही. पार्ले पूर्वेहून निघायचं, हायवे, जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पवई, ऐरोलीचा पूल. सकाळी निभावतं, संध्याकाळी परतताना पवईला गाडी नुसती सरपटते. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कमरेतल्या चकतीचं दुखणं जुनंच आहे.

ड्रायव्हर आहे, त्यामुळे बाबा कायम मागे, डावीकडे. एसयूव्हीला ठाम नकार ("जीपमध्ये चढायला मी काय फौजदार आहे?"). म्हणून सेडानच. यादीत तीन आहेत: २०२४ मध्ये आलेली लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) मर्सिडीज ई-क्लास, त्याच वर्षी आलेली लांब बीएमडब्ल्यू ५ सीरीज, आणि लेक्सस ईएस.

रविवारी एका शोरूमला जाऊन आलो. तिथला मुलगा गोड होता, पण सगळा वेळ स्क्रीनवर. लाइटचे ६४ रंग, डॅशबोर्डवर मीटिंगसाठी कॅमेरा, शेजारी बसणाऱ्याला वेगळा पडदा. मग बाबांना मागे बसवलं, दार लावलं, गाणं सुरू केलं आणि "सर, कसं वाटतंय?" आता थंडगार हॉलमध्ये उभ्या गाडीत दोन मिनिटं बसून काय कळणार, कप्पाळ? बाबा म्हणाले, छान आहे. ते सगळ्यालाच छान म्हणतात.

तर मागे बसणाऱ्याच्या दृष्टीने नेमकं काय बघायचं? आणि या तंत्रज्ञानातलं कामाचं किती, मिरवायचं किती? अनुभवी लोकांनी सांगा.

घोडबंदर_लोकल

ई-क्लास. डोळे मिटून. आणि आतला रंग फिका घेऊ नका. शोरूममध्ये बेज झकास दिसतो, पण नव्या जीन्सचा निळा रंग त्यावर उतरला की पावसाळ्याआधीच पुसत बसाल.

गियरवाले_मामा

ताई, मी ड्रायव्हर आहे. मालकांच्या गाड्या चालवतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मूळ वाईकडचा, राहायला भायखळा. स्वतःची गाडी नाही, पण मागे बसलेला माणूस आरशात दिसतो ना. कोण किती वेळाने कूस बदलतो, कोण चपला काढून पाय मोकळे करतो, कोणाला पेडर रोड यायच्या आत डुलकी लागते, पुढच्या सीटवर सगळं कळतं. त्यावरून लिहितो.

पहिलं चढणं-उतरणं. गुडघा झालेला माणूस आधी टेकतो, मग पाय आत घेतो, आणि उतरताना पाय बाहेर ठेवून मग उठतो. म्हणजे सीट जितकी खाली तितका उठायला जोर जास्त. घरून टेप घेऊन जा. बाबा ज्या खुर्चीतून हात न टेकता उठतात तिची उंची मोजा, आणि रस्त्यापासून गाडीच्या सीटच्या कडेची मोजा. सीट पार खाली निघाली तर बाकीचं कौतुक नंतर. दुसरं, मागचं दार उघडल्यावर सीटची कड आणि मधला खांब यांच्यामधून बुटासकट पाय सरळ निघतो का ते बघा. पाय वाकडा करून काढावा लागला तर गुडघ्याला तोच त्रास रोज दोनदा. लांब गाड्यांचं मागचं दार मोठं असतं, तिथे हे सोपं जातं. पण तेच मोठं दार पार्ल्याच्या गल्लीत रिक्षा आणि स्कूटर यांच्यामध्ये पूर्ण उघडायचं म्हणजे कसरत. त्यात फूटपाथ उंच असेल तर दाराची खालची कड पेव्हर ब्लॉकला घासते. म्हणून ट्रायलची गाडी तुमच्या इमारतीखाली मागवा, बाबा रोज जिथे चढतात तिथेच उभी करा. शोरूमच्या गुळगुळीत लादीवर यातलं काही कळत नाही.

मग सीट. बाबांना कंबर मागे टेकवून बसवा आणि बाजूने बघा. मांडी सीटवर पूर्ण टेकलीय की गुडघे वर आलेत? मांडी अधांतरी राहिली की सगळं वजन माकडहाडावर येतं आणि चकतीवाला माणूस अर्ध्या तासात हलायला लागतो. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांच्यात तीन-चार बोटं जागा असावी. लोक गुडघ्यासमोरची जागा बघून खूश होतात. ती या लांब गाड्यांत भरपूरच आहे, तिचं कोणी सांगायला नको. मांडीखालचा आधार कोणी बघत नाही.

आणि मऊपणाला भुलू नका. बसल्याबसल्या जी सीट गादीसारखी वाटते ती तासाभराने कमरेला खाली ओढते. मी ज्यांच्याकडे आधी होतो त्या साहेबांनी अशीच मऊ सीट पसंत केली, आणि पुढे पाठीमागे घरची लोड-उशी घेऊन बसायचे. थोडी घट्ट सीट आणि कमरेला आधार देणारं बटण मागेही असेल, तर ते आधी.

पाठ मागे झुकण्याचं म्हणाल तर तुमच्या यादीतल्या ई-क्लासची ३६ अंशांपर्यंत जाते, ५ सीरीजची हलत नाही, लेक्ससच्या वरच्या मॉडेलमध्ये बटणावर थोडी झुकते. पण ३६ अंश कायम वापरायचे नसतात हो. माणूस फार आडवा झाला की पट्टा ओटीपोटावर सरकतो, छातीपासून सुटतो, आणि जोराचा ब्रेक लागला तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही पट्ट्याची सक्ती केलीय. तेव्हा बाबांनी स्वतःच्या हाताने पट्टा ओढून खाचेत लावून बघावा. काही गाड्यांत ती खाच सीटच्या भेगेत इतकी आत असते की चष्मा लावून शोधावी लागते. म्हातारी माणसं मग लावतच नाहीत.

आता एसी. यावर कोणी बोलत नाही, आणि मुंबईत निम्मा आराम इथेच आहे. ट्रायल गाडी बेसमेंटमधून आणलेली नको, दुपारभर उन्हात उभी असलेली मागा. मागे एसीची तोंडं कुठे आहेत ते बघा. फक्त दोन सीटच्या मधल्या खोक्यावर असतील तर थंड वारा थेट गुडघ्यावर येतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तो अजिबात सोसत नाही. आमचे एक काका उन्हाळ्यात मांडीवर शाल घेऊन बसायचे, वर घाम आणि खाली थंडी. खांबावरही तोंडं असतील तर मधली बंद करून चेहऱ्याकडे वारा घेता येतो. मागच्या माणसाला तापमान वेगळं लावता येतं का, आणि ते पुढून लॉक झालेलं नाही ना, हेही बघून घ्या.

खिडकीचा पडदा. ऐरोलीहून पवईकडे तुम्ही पश्चिमेला येता, म्हणजे तुमची डावी बाजू दक्षिण. थंडीच्या दिवसांत चार-साडेचारचं तिरपं ऊन बरोबर बाबांच्या खिडकीतून आत येणार. काळी फिल्म सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंद केली, त्या भानगडीत पडू नका. गाडीचाच पडदा हवा, आणि तो काचेच्या मागच्या तिकोनी तुकड्यालाही झाकणारा हवा. तो तुकडा उघडा राहिला की ऊन नेमकं कानशिलावर. वरच्या मोठ्या काचेच्या छताला जाळीचा पातळ पडदा असेल तर मे महिन्यात डोकं तापतं. हात वर करून बघा, कळतं लगेच.

सीटमधून हवा खेळवणारे पंखे पुढच्या सीटला सर्रास असतात. मागे आहेत का, हे स्पष्ट विचारा. "सीट व्हेंटिलेटेड आहे सर" एवढ्यावर जाऊ नका. कुठली सीट?

आता तुमच्या स्क्रीन. मी जे बघितलं ते सांगतो. मागचा माणूस एसी, पडदा, वाचायचा दिवा, फोनचं चार्जिंग आणि सीट, एवढ्यालाच हात लावतो. एका साहेबांकडे मागे दोन पडदे होते. पाहुणे आले की लावायचे, एरवी साहेब मांडीवर फोन ठेवून क्रिकेट बघायचे. म्हणून बाबांची परीक्षा अशी घ्या. त्यांना मागे बसवा, वाचायचा चष्मा काढायला लावा, आणि कोणी काही न शिकवता सांगा: एसी एक अंश वाढवा, पडदा लावा, दिवा लावा, गाण्याचा आवाज बंद करा. जे त्यांना जमलं ते तुमचं. जे विचारावं लागलं, त्याचे पैसे तुम्ही देणार आणि बटण मी दाबणार.

एक बटण मात्र जरूर बघा: मागे बसून पुढची डावी सीट पुढे ढकलता येते ते. बाबांना पाय लांब करायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण सीट पुढे गेल्यावर ड्रायव्हरला डावा आरसा दिसतोय का, ते तुमच्या ड्रायव्हरला विचारा. आणि हो, ड्रायव्हरला ट्रायलला न्याच. त्याचा ब्रेकवरचा पाय म्हणजे बाबांची कंबर.

नटबोल्ट

मामांना दंडवत. मी नोकरीने इंजिनीअर, वाहनांच्या भागांशी रोज संबंध, म्हणून थोडी भर.

आराम सीटइतकाच टायरमधून येतो. टायरच्या कडेला २४५/४५ आर१८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, आणि ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. म्हणजे साधारण ११० मिलिमीटर रबर. तेच २४५/४० आर१९ झालं की ९८. हा सेंटिमीटरभर फरक पेव्हर ब्लॉकवर आणि फ्लायओव्हरच्या सांध्यांवर सरळ कण्याला कळतो. चाकं मोठी म्हणजे गाडी देखणी, पण बाबा आत बसणार आहेत. लहान चाकाचा पर्याय आहे का विचारा, आणि ट्रायलच्या गाडीवर कुठलं चाक आहे ते आधी वाचा. रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर त्यांच्या भिंती कडक असतात, धक्का जास्त जाणवतो. ट्रायल ईस्टर्न फ्रीवेवर घ्या, सांधे मोजून मोजून लागतात. मग जेजे फ्लायओव्हरवरून आणा. तिथे डावी-उजवी वळणं लागोपाठ आहेत, मागे बसून फोन वाचताना मळमळतं का आणि सीट कमरेला बाजूने धरते का, दोन्ही कळेल.

आवाजाचं. खिडकीची काच अर्धी खाली करा आणि तिची वरची कड नखाने आणि डोळ्याने तपासा. दोन काचांमध्ये पातळ रेघ दिसली तर ती आवाज अडवणारी लॅमिनेटेड काच. काही गाड्यांत ती फक्त पुढच्या दारांना देतात आणि मागे साधी. तुम्हाला मागचीच हवी.

नकाशा तपासायला कोस्टल रोडचा बोगदा उत्तम. प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी, दोन किलोमीटरच्या वर जमिनीखाली, उपग्रहाचा सिग्नल नाही. गाडीचा स्वतःचा नकाशा चाकांच्या फिरण्यावरून जागा ओळखत पुढे सरकतो का, की बाण एकाच जागी अडकतो, ते बघा. बाहेर पडल्यावर लगेच फाटे आहेत, तिथे उशिरा जागा झालेला नकाशा काय कामाचा?

एक गोष्ट मात्र मामांपेक्षा वेगळी सांगतो. तंत्रज्ञान म्हणजे फक्त मागच्यांची बटणं नव्हेत. चारही बाजूंचा कॅमेरा, पाठीमागून येणारी बाइक दिसली की दार उघडताना इशारा देणारी सोय, या गोष्टींना मी खरे पैसे देईन. बाबा डावीकडून उतरणार, आणि डावीकडून बाइकवाला कसा घुसतो ते पवईत रोज बघता. पुढच्या गाडीमागे आपोआप चालणारा क्रूझ कंट्रोल मात्र जेव्हीएलआरवर बंदच ठेवा. मधल्या फटीत रिक्षा घुसली की तो करकचून ब्रेक लावतो आणि मागचा माणूस पुढे येतो. डॅशबोर्डवरचा मीटिंगचा कॅमेरा गाडी चालू असताना चित्र दाखवत नाही, आणि बाबा मागे. सोडून द्या.

एसी आणि आवाज स्क्रीनच्या आत लपवायची जी लाट आलीय तिला युरोपातही वैताग आहे. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या तिकडच्या एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझार्ड असल्या गोष्टींना खरी बटणं असावीत म्हणून गुणांचं वजन टाकलंय. ५ सीरीजमध्ये फिरवायची कळ अजून आहे, हे मला बरं वाटतं. ड्रायव्हरला पोलराइज्ड गॉगल लावायची सवय असेल तर समोरच्या काचेवर उमटणारे आकडे त्यातून गायब होतात, तेही ट्रायललाच बघा.

पार्लेकरीण

केवढं शिकायला मिळालं! मामा, गुडघ्यावरच्या वाऱ्याचं वाचून बाबा म्हणाले, "हा माणूस मला ओळखतो."

दोन शंका. आमचं पार्किंग यांत्रिक, पॅलेटवालं (गाडी लोखंडी पाटावर ठेवायची, यंत्र ती उचलतं). सेक्रेटरींना विचारलं तर लांबीची मर्यादा ५०५० मिलिमीटर. आणि लेक्सस बाकी दोघींपेक्षा आखूड आहे, तर ती आरामात मागे पडेल का?

नटबोल्ट

मग गणित तिथेच फसतं. ई-क्लास ५०९२, ५ सीरीज ५१६५, लेक्सस ईएस ४९७५. पहिल्या दोन्ही पॅलेटच्या बाहेर. वजनाची मर्यादाही विचारून ठेवा.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर: ई-क्लास ३०९४, ५ सीरीज ३१०५, लेक्सस २८७०. बावीस-तेवीस सेंटिमीटरचा फरक आहे आणि तो मागे दिसतो. पण लेक्सस पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मधला उंचवटा छोटा. जर्मन गाड्यांत तो मोठा असतो, तिसरा माणूस मध्ये बसला तर पाय फाकवून बसतो.

गियरवाले_मामा

ताई, बाबांना मैदान नको, बसायला नीट जागा हवी. डावी सीट पुढे ढकलली की लेक्ससमध्येही पाय लांब होतात. तिचा खरा फायदा पवईच्या ट्रॅफिकमध्ये आहे. हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही) असल्याने सरपटताना बरेचदा बॅटरीवर चालते, इंजिन बंद-चालूचा हिसका लागत नाही, आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर असल्याने इंजिन थांबलं तरी गारवा टिकतो. साध्या पेट्रोल गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालं की मे महिन्यात दोन मिनिटांत मागून "अहो, एसी बंद केलात का?" येतं. मी तर ती सोय चढल्याबरोबर बंद करतो. काही गाड्यांत ती पुढच्या वेळी पुन्हा आपोआप चालू होते, मग रोजचं तेच.

तरी लगेच ठरवू नका. खाली उघड्यावरचं पार्किंग कोणाशी अदलाबदल होतंय का बघा, आमच्या साहेबांच्या सोसायटीत असं झालेलं आहे. जमलं तर तिन्ही गाड्या शर्यतीत. नाही जमलं तर लेक्ससचं वरचं मॉडेल, आणि त्यातही बाबांची पाठ, गुडघा आणि वाऱ्याचं तोंड आधी.

ट्रायल कामाच्या दिवशी संध्याकाळी ऐरोलीहून निघून घ्या, बाबा आणि तुमचा ड्रायव्हर दोघेही गाडीत हवेत. शोरूमचा मुलगा पुढे बसला तरी चालेल, फक्त त्याला सांगा, पवई येईपर्यंत बोलायचं नाही. आणि बाबांना "कसं वाटतंय" विचारू नका, ते छानच म्हणणार. घरी पोचल्यावर ते किती पटकन उतरतात ते बघा.

पार्लेकरीण

गुरुवारी पाचला लेक्ससची ट्रायल ठरली, रबाळ्यातून. शोरूमवाल्यांना जरा विचित्र वाटलं, पण गाडी पाठवताहेत. टेप पर्समध्ये ठेवलीय. पार्किंगचं सांगायचं तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे हॅचबॅक आहे आणि उघडी जागाही. त्यांच्याशी आज बोलते.